निवृत्त शिक्षकांची पेन्शन-ग्रॅच्युइटी रखडली तर कोणाकडे जायचं, कोणत्या नियमाखाली?

खडूफळा
या विषयावर ठिकठिकाणी अर्धवट सल्ले दिसतात. "सरळ कोर्टात जा" किंवा "लेबर कोर्टात टाका" एवढंच. म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिला प्रश्न कोर्टाचा नाहीच. निवृत्त झालेली व्यक्ती कोणत्या प्रकारची शिक्षक होती, हे आधी ठरवावं लागतं. कायद्याच्या लेखी "शिक्षक" असा एकच वर्ग नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू. प्रस्ताव पंचायत समितीतून गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग मुख्य लेखा व वित्त अधिकारी असा जातो.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळेतल्यांनाही तेच १९८२चे नियम. पण इथे शाळा, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), वेतन व भविष्य निर्वाह निधी पथक आणि शेवटी महालेखापाल अशी साखळी आहे. कोकण, पुणे आणि नाशिक विभागांचं काम मुंबईच्या महालेखापालांकडे, मराठवाडा-विदर्भाचं नागपूरला. तिथून आदेश कोषागारात आला की पैसे सुटतात.

विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सरकारी पेन्शन नाही. तिथे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. संस्था देणेकरी, सरकार नव्हे.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेले आणि अंशदायी पेन्शन योजनेतले शिक्षक हा वेगळा गुंता आहे. त्यावर इथे नको, वेगळा धागा काढू.

कोर्टकचेरी
चांगली सुरुवात. आता चुकीचे दरवाजे सांगतो, कारण त्यांत वर्ष-दोन वर्षं फुकट जातात.

शाळा न्यायाधिकरण: खासगी शाळा कर्मचारी अधिनियम १९७७च्या कलम ९खाली तिथे बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणं एवढ्याच तक्रारी चालतात. रखडलेली पेन्शन त्यात बसत नाही.

मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: शासकीय शाळेतल्या शासकीय सेवकांसाठी. जिल्हा परिषद किंवा खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला तिथे वाव नाही.

ग्राहक मंच: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जगमित्तर सैन भगत प्रकरणात स्पष्ट केलं की शासकीय सेवेतला माणूस सेवेचे किंवा निवृत्तिलाभांचे वाद घेऊन ग्राहक मंचाकडे जाऊ शकत नाही. तरीही अर्ज टाकणारे टाकतात.

उरतात दोन खरे मार्ग. अनुदानित आणि जि.प.साठी अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. विनाअनुदानितसाठी ग्रॅच्युइटी कायद्याखालचा नियंत्रक प्राधिकारी. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश करत आले आहेत आणि अपील औद्योगिक न्यायालयात.

बिंदुनामावली
रिटच्या आधी फाइल नेमकी कुठे बसली आहे ते शोधा. "पेन्शन अडकली" म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ती कोणाकडे अडकली हे माहीत नसतं. (आकडा अंदाजाचा, सांख्यिकी नव्हे.)

अडकण्याच्या नेहमीच्या जागा:

सेवापुस्तक. मूळ नियुक्तीची वैयक्तिक मान्यता जोडलेली नाही, मधला सेवाखंड क्षमापित झालेला नाही, वरिष्ठ किंवा निवड श्रेणीच्या (ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीच्या) नोंदीखाली सही नाही, रजेचा हिशेब एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना तुटलेला. यातलं बरंचसं निवृत्तीच्या दोन वर्षं आधी दुरुस्त व्हायला हवं. नियमांत पेन्शनच्या कागदांची तयारी दोन वर्षं आधी सुरू करायला सांगितलंय ते उगीच नाही.

वेतननिश्चितीची पडताळणी. १ जानेवारी २०१६ची सातव्या वेतन आयोगाची निश्चिती तपासून शिक्का मिळाल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. इथेच "अतिप्रदान" (जादा दिलं गेलेलं वेतन) निघतं. त्यावर खाली कोणीतरी लिहाच.

ना-देय (काही येणं बाकी नाही) आणि ना-चौकशी प्रमाणपत्र. मुख्याध्यापक असाल तर जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवही, पोषण आहाराचा तांदूळ, प्रयोगशाळेचं साहित्य हे सगळं कार्यभार यादीत यायला हवं. कार्यभार देताना तीन प्रती करा, घेणाऱ्याची तारखेसह सही घ्या. कार्यभार घेणारा सही करत नसेल तर यादी नोंदणीकृत डाकेने संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. नंतर "कार्यभार दिला नाही" हे कारण टिकत नाही.

महालेखापालांचा आक्षेप. त्रुटीपत्र शाळेकडे परत येतं आणि कपाटात पडून राहतं. शिक्षकाला वाटतं मुंबईत अडलंय, असतं मुख्याध्यापकाच्या टेबलावर.

संध्याछाया
ना-देय प्रमाणपत्रात शिक्षक पतसंस्थेचं कर्ज धरता येतं का? आमच्याकडच्या शाळांत सर्रास "पतसंस्थेचा नील दाखला आणा, मगच प्रस्ताव" असं सांगतात.

कोर्टकचेरी
नाही, ताई. १९८२च्या नियमांत उपदानातून (म्हणजे ग्रॅच्युइटीतून) वळती करता येतात ती शासकीय येणी: घरभाडं, अग्रिम, जास्त दिलेलं वेतन वगैरे. पतसंस्था ही वेगळी सहकारी संस्था. तिने सहकार कायद्याच्या मार्गाने वसुली करावी. ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम १३ मध्ये तर न्यायालयीन हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतही ग्रॅच्युइटीला जप्तीपासून संरक्षण आहे. शिक्षकाने स्वतः लेखी संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कर्ज घेताना काय काय सह्या केल्यात ते वाचा.

दाखला मागणाऱ्याला तोंडी वाद घालू नका. "पतसंस्थेच्या दाखल्याची अट कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी कळवावे" असं एका ओळीचं पत्र द्या. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, प्रस्ताव पुढे जातो.

टपालपेटी
फाइल शोधण्यासाठी माहितीचा अधिकार वापरताना एक चूक हमखास होते. "माझी पेन्शन का मिळाली नाही?" असं विचारतात. "का" या प्रश्नाचं उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही. कायद्यात माहिती म्हणजे अभिलेखावर असलेली गोष्ट. अर्ज असा लिहा:

"अमुक यांचा निवृत्तिवेतन प्रस्ताव आपल्या कार्यालयात कोणत्या तारखेस, कोणत्या आवक क्रमांकाने प्राप्त झाला, तेव्हापासून आजपर्यंत तो कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, प्रस्तावावरील टिपणी, काढलेली त्रुटीपत्रे व त्यांचे जावक क्रमांक यांच्या साक्षांकित प्रती."

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत शब्दमर्यादा आहे, लांबण लावली की परत येतो. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. शाळा, शिक्षणाधिकारी आणि पथक अशा तिघांकडे तीन वेगळे अर्ज एकाच दिवशी टाका. तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली की कोणाच्या आवक-जावकाच्या तारखा जुळत नाहीत ते लगेच दिसतं. आणि हाच कागद पुढे व्याजासाठी सोन्यासारखा.

त्याच पत्रव्यवहारात दप्तर दिरंगाई कायद्याचा, म्हणजे २००५च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमातल्या कलम १०चा उल्लेख करा. शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं ते सांगतं. शिक्षणाधिकारी कार्यालयाला हे लागू, संस्थेच्या कारकुनाला नाही.

खडूफळा
व्याजाबद्दल सविस्तर लिहा कोणीतरी. लोक मुद्दल मिळालं की गप्प बसतात.

वेतनत्रुटी
लिहितो. अनुदानित आणि जि.प.साठी १९८२च्या नियमांतले नियम १२९-अ आणि १२९-ब.

१२९-अ उपदानासाठी: देय तारखेपासून तीन महिन्यांनंतर प्रदान झालं आणि उशीर प्रशासकीय हलगर्जीमुळे झाला हे सिद्ध झालं, तर तीन महिन्यांपुढच्या काळावर भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज. १२९-ब निवृत्तिवेतनासाठी: तिथे मुदत सहा महिन्यांची.

उदाहरण: ३१ मे २०२४ला निवृत्ती, उपदान १२,००,००० रुपये, हातात पडलं जून २०२५च्या अखेरीस. पहिले तीन महिने ३१ ऑगस्टला संपले. सप्टेंबर ते जून दहा महिने. दर ७.१ टक्के. १२,००,००० × ७.१ ÷ १०० × १० ÷ १२ = ७१,००० रुपये. सोडून देण्याची रक्कम आहे का ही?

अट "प्रशासकीय हलगर्जी" ही आहे. कार्यालय पहिलं उत्तर देतं की शिक्षकानेच कागद उशिरा दिले. म्हणून प्रत्येक कागद आवक शिक्क्यासह पोच घेऊन द्यायचा. प्रस्ताव दिल्याची पोच नसेल तर व्याजाचं प्रकरण अर्धं मेलेलंच असतं.

रजा रोखीकरणाला (शिल्लक रजेच्या पैशांना) हे दोन नियम लागू नाहीत. तिथे व्याज उच्च न्यायालयातच मागावं लागतं. आधार मिळतो: सर्वोच्च न्यायालयाने एस. के. दुआ विरुद्ध हरियाणा (२००८) मध्ये म्हटलंय की नियम नसला तरी अनुच्छेद १४, १९ आणि २१च्या आधारे निवृत्तिलाभांवर व्याज मागता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या प्रकरणात रजा रोखीकरण ही कर्मचाऱ्याची मालमत्ता मानली.

कोर्टकचेरी
वेतनत्रुटी यांच्या पोस्टला जोड. याचिकेत केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर (१९८५) जरूर लावा. निवृत्तिलाभ देण्यातल्या दोषी विलंबावर बाजारदराने दंडात्मक व्याज द्यावं लागेल हे तत्त्व तिथलं. आणि झारखंड विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव (२०१३): पेन्शन-ग्रॅच्युइटी ही अनुच्छेद ३००-अखालची मालमत्ता, नियमाच्या आधाराशिवाय नुसत्या कार्यकारी आदेशाने रोखता येत नाही.

संध्याछाया
चौकशी चालू असेल तर काहीच मिळत नाही का?

कोर्टकचेरी
मिळतं. नियम १३०: विभागीय किंवा न्यायालयीन कार्यवाही प्रलंबित असली तरी तात्पुरतं निवृत्तिवेतन द्यावंच लागतं. उपदान मात्र कार्यवाही संपेपर्यंत थांबतं. "चौकशी आहे" म्हणून पेन्शन शून्यावर ठेवणं नियमाबाहेर. शिवाय चौकशी म्हणजे रीतसर दोषारोपपत्र दिलेलं हवं. कोणीतरी तक्रार अर्ज केलाय, एवढ्याने चौकशी प्रलंबित ठरत नाही. निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची तर नियम २७खाली शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

चौकशी नसताना केवळ कागद अपुरे म्हणून उशीर होत असेल तर नियम १२६खाली तात्पुरतं निवृत्तिवेतन. हा अर्ज बहुतेक जण करतच नाहीत. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बिंदुनामावली
आता वसुली. पडताळणीत "अमुक वर्षापासून एक वेतनवाढ जास्त दिली" असं निघतं आणि उपदानातून दोन-तीन लाख कापले जातात. कारणं ठरलेली: संगणक परीक्षा ३१ डिसेंबर २००७च्या आत उत्तीर्ण नाही, निवड श्रेणीचं प्रशिक्षण नाही, एकस्तरचा (आदिवासी-नक्षलग्रस्त भागातल्या सेवेसाठीच्या वरच्या वेतनश्रेणीचा) लाभ चुकीच्या तारखेला.

पंजाब विरुद्ध रफिक मसीह (१८ डिसेंबर २०१४) सगळ्यांना माहीत आहे. गट क आणि ड, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदान, यांच्याकडून वसुली नाही. थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ (२०२२) हे तर शिक्षकाचंच प्रकरण, तेच जोडा.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, वसुली थांबते म्हणजे चुकीची वेतननिश्चिती बरोबर होत नाही. पेन्शन दुरुस्त, म्हणजे कमी, वेतनावरच बसू शकते. निश्चितीच चुकीची नाही असं म्हणणं असेल तर ते याचिकेत वेगळं मागावं लागतं. दोन, हमीपत्र. वेतननिश्चितीच्या वेळी "जादा रक्कम निघाल्यास परत करीन" अशी सही घेतलेली असते आणि सरकारी वकील जगदेव सिंग (२०१६) निकाल पुढे करतात. तो निकाल न्यायिक अधिकाऱ्याचा होता, गट क मधल्या कर्मचाऱ्याचा नव्हता, हा फरक मांडा. हमीपत्र कधीचं, कोणत्या निश्चितीसाठीचं, तेही बघा. २०१९चं हमीपत्र १९९८च्या वेतनवाढीला कसं लागू पडेल?

शाळामास्तर_विना
विनाअनुदानितवाल्यांचं कोणी बोलत नाही!

वेतनत्रुटी
घ्या. ग्रॅच्युइटी कायदा १९७२ शैक्षणिक संस्थांना (दहा किंवा जास्त कर्मचारी) ३ एप्रिल १९९७पासून लागू. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिक्षक "कर्मचारी" या व्याख्येत बसत नाहीत असं ठरवलं, म्हणून संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून १९९७पासूनच शिक्षकांना आत घेतलं. शाळांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिलं, ते २९ ऑगस्ट २०२२ला फेटाळलं गेलं. "शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते" म्हणणाऱ्या संस्थाचालकाला हीच तारीख दाखवा.

हिशेब: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. ५२,००० रुपये आणि २४ वर्षं: ५२,००० × १५ ÷ २६ = ३०,००० आणि गुणिले २४ = ७,२०,०००. कमाल मर्यादा वीस लाख. तीस दिवसांत दिली नाही तर दहा टक्के सरळ व्याज. चौदा महिने उशीर झाला तर ८४,००० रुपये वर.

क्रम: संस्थेकडे नमुना "आय" मध्ये अर्ज. संस्थेने नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे नमुना "एन", नव्वद दिवसांत. उशीर झाला तर कारण देऊन माफ होतो. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर कलम ८खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. संस्थेला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, ही अट शिक्षकाच्या फार उपयोगाची.

सोबत जोडा: नेमणूक पत्र, शेवटची पगारपत्रकं, बँकेचा उतारा, भविष्य निर्वाह निधीचं विवरण. पगारपत्रकावर एक रक्कम आणि खात्यावर दुसरी, असं असेल तर दोन्ही द्या, लपवू नका.

कोर्टकचेरी
एक महत्त्वाची भर: २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि ग्रॅच्युइटीचा कायदा तिच्यात गेला. त्याआधी निवृत्त झालेल्यांचा हक्क जुन्या कायद्याखालचा. नंतरच्यांनी अर्जात संहितेचं प्रकरण पाच लिहावं. नुसतं "१९७२चा कायदा" लिहून आक्षेपाला जागा देऊ नये. संहितेत दोन गोष्टी शिक्षकांच्या कामाच्या: ठरावीक मुदतीची नेमणूक संपली तर पाच वर्षांची अट नाही, आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात धरला जातो. मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवणाऱ्या शाळांना हे झोंबेल.

बिंदुनामावली
मग जि.प. आणि अनुदानित शिक्षकांनीही ग्रॅच्युइटी कायद्याखालीच का जाऊ नये? सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिका विरुद्ध धरमप्रकाश शर्मा (१९९८) मध्ये पेन्शन नियम लागू असले तरी कायद्याखालची ग्रॅच्युइटी मिळते असं म्हटलंय. फरकाची रक्कम मोठी असते.

कोर्टकचेरी
मार्ग आहे, पण सरसकट सल्ला देऊ नका. कायद्याच्या व्याख्येतून वगळलेत ते राज्य शासनाखाली पद धारण करणारे आणि वेगळ्या नियमांनी ग्रॅच्युइटी मिळणारे. जि.प. शिक्षक शासनाखालचं पद धारण करतो का, यावरच सगळा वाद फिरतो. दोन्हीकडून दोन ग्रॅच्युइट्या मिळणार नाहीत, फार तर फरक. आणि पेन्शनचा प्रस्ताव अजून अडलेला असताना हे सुरू केलं तर कार्यालय "प्रकरण न्यायप्रविष्ट" म्हणून हात वर करतं. आधी १९८२चं सगळं पदरात पाडा, मग फरकाचं बघा.

बिंदुनामावली
क्रमाबद्दल सहमत. कायद्याबद्दल मी अजूनही माझ्याच मताचा.

टपालपेटी
रिटसाठी कागदांची यादी द्या कोणीतरी.

कोर्टकचेरी
निवृत्तीचा आदेश, सेवापुस्तकाची पूर्ण प्रत (निवृत्तीआधीच काढून ठेवावी), प्रस्ताव दिल्याची पोच, सगळी त्रुटीपत्रं, स्मरणपत्रं, माहिती अधिकाराची उत्तरं, आणि एका पानावर तारखांचा तक्ता. हा तक्ता वकिलाने नव्हे, शिक्षकाने करायचा, त्याच्याइतकं कोणाला आठवत नाही.

प्रतिवादी: राज्य शासन (शालेय शिक्षण विभाग), शिक्षण उपसंचालक, शिक्षणाधिकारी, वेतन पथक अधीक्षक, महालेखापाल, कोषागार अधिकारी, संस्था आणि मुख्याध्यापक. जि.प. असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी. एक जरी सुटला तर तो "माझ्याकडे आदेश नाही" म्हणतो.

मागण्या वेगवेगळ्या लिहा: प्रस्ताव ठरावीक आठवड्यांत निकाली काढणं, अंतरिम तात्पुरतं निवृत्तिवेतन, व्याज, वसुली आदेश रद्द. व्याज मागितलंच नाही तर मिळत नाही. दिवाणी दाव्याआधीची कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस रिटला लागत नाही, तरी पंधरा दिवसांचं वकिली निवेदन पाठवलेलं बरं.

विलंब: पेन्शन न मिळणं हा चालू राहणारा अन्याय, त्यामुळे याचिका उशिरा केली तरी चालते. पण तरसेम सिंग (२००८) निकालाप्रमाणे थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबईला धावायचं कारण नाही. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

खर्चाचं म्हणाल तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शिक्षकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

संध्याछाया
आणि आदेश मिळाल्यावरही कार्यालय ढिम्म राहिलं तर?

कोर्टकचेरी
आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात प्रत्येक प्रतिवादीच्या आवक विभागात द्या, शिक्का घ्या. मुदत संपली की अवमान याचिका. ती अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत, न्यायालय अवमान अधिनियमाचं कलम २०. "साहेब म्हणाले पुढच्या महिन्यात" असं करत वर्ष उलटलेली प्रकरणं असतात, म्हणून मुदत संपण्याची तारीख प्रतीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

संध्याछाया
आणि संस्थेत दोन गट, दोन्ही अध्यक्ष म्हणवतात, प्रस्तावावर सही कोणाची?

बिंदुनामावली
प्रस्ताव मुख्याध्यापकाच्या सहीने जातो, त्यात अध्यक्षांच्या भांडणाचा संबंध नाही. मुख्याध्यापकपदच वादात असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा: सहीचे अधिकार कोणाला दिलेत त्या आदेशाची प्रत द्या, दिले नसतील तर प्रस्ताव आपल्या स्तरावर घ्या. मागणीपत्रासोबत भरलेला प्रस्तावच जोडा. मग "प्रस्ताव प्राप्त नाही" हे उत्तर त्यांना देता येत नाही.